जांभळ्या टोपणाची साक्ष

१

रिपोर्टवर विश्वास ठेवायचा, तर बंबकाकांनी सकाळीच जगाचा निरोप घ्यायला हवा होता. प्रत्यक्षात ते गच्चीवर पाण्याच्या टाकीत अर्धे वाकून ती घासत होते आणि टाकीच्या पोटातून त्यांचं बेसूर गाणं गल्लीभर घुमत होतं.

खाली त्यांच्या लेकीचा फोन वाजला. रक्त तपासणाऱ्या लॅबचे व्यवस्थापक बोलत होते.

"तुमचे वडील कुठे आहेत?"

"गच्चीवर."

"शुद्धीवर आहेत?"

"गातायत."

पलीकडे खुर्ची करकरली. मग घाईघाईचा आवाज आला. "त्यांना गाऊ देऊ नका! म्हणजे... हलूच देऊ नका. ताबडतोब हॉस्पिटलात न्या. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम नऊच्या वर गेलंय. साडेपाचच्या पुढे गेलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. नऊ म्हणजे... हृदय कधीही बंद पडेल, बाई!"

लेक फोन तसाच टाकून जिन्याकडे धावली.

बंबकाका म्हणजे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. जन्मभर आगीच्या बंबावर उभं राहून गेले म्हणून सगळ्यांचे बंबकाका. जळत्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एका बाईला आणि तिच्या शिलाई मशीनला, दोघींनाही खांद्यावर टाकून त्यांनी खाली आणलं होतं, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. ती बाई म्हणजे शिवणबाई. मशीन वाचवल्याबद्दल तिने त्यांचा फाटलेला गणवेश फुकट शिवून दिला, मग एक शर्ट शिवला, मग दुसरा. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, शिवणबाईंनी लग्नच केलं नव्हतं. शर्ट शिवता शिवता दोघांचं सूत जुळलं. उद्या सकाळी नोंदणी कार्यालयात त्यांचं लग्न होतं.

तपासणीचा हट्ट शिवणबाईंचाच. "माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आधी सगळं तपासून घ्या, मग सही करू."

आणि आता हे माप आलं होतं.

अॅम्ब्युलन्स आली. "अरे, मी चालत येतो की!" असं ओरडणाऱ्या काकांना चौघांनी स्ट्रेचरला बांधून जिन्यावरून खाली उतरवलं. ज्याने आयुष्यभर लोकांना खांद्यावरून उतरवलं, त्याला असं उतरताना बघायला अख्खी गल्ली खिडक्यांत उभी होती. हॉस्पिटलात छातीला तारा जोडल्या. पडद्यावर हृदयाची रेघ शाळेतल्या कवायतीसारखी शिस्तीत चालली होती. तरुण डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, "परत एकदा रक्त बघू," असं कोपऱ्यातल्या नर्सच्या कानात सांगितलं आणि ते दुसऱ्या रुग्णाकडे वळले.

काही वेळाने नर्स ट्रे घेऊन काकांच्या पलंगाशी आली. आणि कवायतीची रेघ एकदम ढेपाळली. काका पांढरेफटक पडले, कपाळावर घाम आला, मान एका बाजूला कलली.

"गेले!" दाराशी उभ्या असलेल्या लेकीने किंकाळी फोडली.

२

गेले नव्हते. पाय वर उचलून धरल्याबरोबर काकांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेवढ्या वेळात नर्सने हात साफ केला होता. त्या रक्ताचा निकाल तासाभरात आला. पोटॅशियम चार. कॅल्शियम व्यवस्थित. सगळं एखाद्या घोड्याला शोभेल असं ठणठणीत.

मग हॉस्पिटलातून लॅबला जो फोन गेला, तो व्यवस्थापकांनी कानापासून हातभर लांब धरून ऐकला.

"आपल्या लॅबने जित्याजागत्या माणसाला मारलं म्हणतायत ते!" फोन ठेवून ते म्हणाले. "हे गावभर झालं की संपलंच. संध्याकाळपर्यंत रक्त घेणाऱ्या त्या पोरीला मी कामावरून काढतो."

ती पोरगी समोरच उभी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण तिने सुई टोचली की मुंगी चावल्याइतकंच कळायचं. रडकी मुलं तिच्याकडे यायची आणि हसत जायची. आज मात्र तिचेच डोळे लाल झाले होते.

इतक्यात दार ढकलून डॉक्टरबाई आत आल्या. लॅबमधल्या प्रत्येक रिपोर्टखाली त्यांची सही असायची, फक्त आजच्या सोडून, कारण आज त्या अक्कलदाढ काढून घ्यायला गेल्या होत्या. उजवा गाल फुगून बटाट्यासारखा झाला होता आणि अर्धं तोंड बधिर होतं.

"मला आज वोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही वोला."

व्यवस्थापकांनी सगळं सांगितलं, स्वतःचं मतही सांगितलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि पोटॅशियमच्या आकड्यावरून त्यांची नजर खाली घसरली.

"कॅल्शियम वघितलंत?"

"नाही... म्हणजे पोटॅशियम बघितलं आणि माझे हातपायच गळाले."

"जवळजवळ नाहीच. आणि त्याच ट्यूवमधली साखर जागच्या जागी." त्यांनी गाल दाबून धरला आणि सावकाश, अक्षर अक्षर जोडत बोलल्या. "मुंगी, तू दोन ट्यूब भरल्यास?"

"हो. आधी पिवळ्या टोपणाची, मग जांभळ्या टोपणाची."

"जांभळ्यात आधीपासून काय असतं, यांना सांग."

"एक औषध असतं," मुंगी व्यवस्थापकांकडे वळून म्हणाली. "रक्त गोठू नये म्हणून. पिवळ्यात ते नसतं, तिथलं रक्त आम्हाला गोठलेलंच हवं असतं."

"ते औषध रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि स्वतः पोटॅशियमने ठासून भरलेलं असतं. म्हणजे जांभळीतलं रक्त पिवळीत गेलं, की रिपोर्टात पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात. काकांच्या अंगात काही बिघडलेलं नाही. जे काय झालं ते ट्यूबमध्ये."

"मग चूक हिचीच!" व्यवस्थापक उसळले. "जांभळीला लागलेली सुई पिवळीला लागली असेल."

"तसं झालं तर थेंबभर जाईल, आकडा जरासा हलेल. नऊ व्हायला थेंब पुरत नाही." डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "कुणीतरी टोपणं उघडून एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतलंय. मुंगी, घेतल्यापासून पेटीत ठेवीपर्यंत त्या ट्यूब तुझ्या नजरेसमोरच होत्या ना?"

मुंगीने मान खाली घातली आणि काही म्हणजे काही बोलली नाही.

३

मुंगी बोलत नाही म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी ट्यूबच मागवल्या. मशीनवरून उतरवलेल्या दोन्ही ट्यूब त्यांनी खिडकीशी उजेडात धरल्या.

पिवळी अर्धीच होती आणि त्यातली गुठळी धड गुठळीसारखी नव्हती, नीट न लागलेल्या दह्यासारखी ढिली होती. जांभळीतलं रक्तही रेघेच्या बरंच खाली.

"तू किती भरलं होतंस?"

"पिवळी जवळपास भरून. जांभळी रेघेपर्यंत." या प्रश्नाला मुंगी चटकन बोलली. "सिरिंज भरून आलं होतं, बाई. काकांच्या शिरा दोरखंडासारख्या आहेत."

"मग हे दोन्ही मिळून इतकं कमी कसं? एकीतलं दुसरीत गेलं तर बेरीज तेवढीच राहायला हवी." डॉक्टरबाई स्वतःशीच पुटपुटल्या. "उरलेलं रक्त कुठे गेलं?"

"वाटेत सांडलं असेल," व्यवस्थापक म्हणाले. "वादळाला विचारा. आज तो उशिराही आला."

वादळ म्हणजे घरोघरी गोळा केलेले नमुने स्कूटरवरून लॅबमध्ये आणणारा माणूस. तो वादळासारखा चालवतो म्हणून नव्हे, तर आला की टेबलावरचे कागद उडतात म्हणून. तोही आता हात चोळत येऊन उभा राहिला.

"टायर पंक्चर झालं, बाई. पण पेटी मी सावलीत ठेवली होती, आईशप्पथ! बर्फाच्या पिशव्याही होत्या."

"ऊन लागलं असणार!" व्यवस्थापक म्हणाले.

"उन्हात रक्त तासन्‌तास राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खाऊन टाकतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखर उतरली असती. ती उतरलेली नाही."

"मग बर्फाला चिकटून राहिलं असेल!"

"त्याने पोटॅशियम वाढतं, खरं आहे. पण बर्फ कॅल्शियम पळवत नाही. पेटी उघड रे."

पेटी उघडली. आतलं पांढरं अस्तर स्वच्छ कोरडं होतं, डागाचा मागमूस नाही. वादळाने असा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा रिपोर्ट खरंच उडाला.

"तू सुटलास," डॉक्टरबाई अर्ध्या तोंडाने हसल्या. "आता घरातलं सांग. तू पेटी घ्यायला गेलास तेव्हा काय काय बघितलंस? बिनमहत्त्वाचं वाटलं तरी सांग."

वादळाने डोकं खाजवलं. "बेल वाजवली. बऱ्याच वेळाने काकांनी दार उघडलं. हात ओले होते, शर्टाला पुसत होते. पेटी टेबलावर बंद करून ठेवलेली. मग आतून ही आणि काकांची लेक आल्या." त्याने मुंगीकडे ओशाळून बघितलं. "दोघींचे चेहरे पडलेले होते, बाई. आणि..."

"आणि काय?"

"लेक हिला हळूच म्हणाली, 'तू कुणाला सांगणार नाहीस ना?' आणि ही म्हणाली, 'नाही सांगणार.'"

४

मुंगीने शब्द दिला होता आणि ती तो मोडायला तयार नव्हती. नोकरी जाण्याची वेळ आली तरी.

"तू शब्द पाळ, मी तिलाच विचारते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि रिक्षा करून बंबकाकांच्या घरी गेल्या. लेक वडिलांचे कपडे पिशवीत भरत होती. दारात फुगलेल्या गालाची बाई बघून ती दचकली. ही लॅबची डॉक्टर आहे असं कळल्यावर तिच्या हातातला सदराच गळून पडला.

"बसा," ती म्हणाली. "तुमची ती मुलगी बोलली का?"

"एक अक्षर नाही. संध्याकाळी तिची नोकरी जाईल, तरी नाही बोलली."

लेक पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत आणि सोडत राहिली.

"मीच तिला आत बोलावलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बाबांचं रक्त काढून झालं होतं. ती टोपणं लावत होती. मी म्हटलं, जरा आत ये. आणि स्वयंपाकघरात नेऊन तिला म्हटलं, रिपोर्ट थोडे दिवस अडकवून ठेव. काहीतरी कारण सांग. रिपोर्ट आल्याशिवाय त्या बाई सहीच करणार नाहीत, लग्न पुढे जाईल. पुढे गेलं की कदाचित..." तिने वाक्य सोडून दिलं.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'ताई, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.' चिडली नाही, ओरडली नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडायला लागले, तर तिने मला पाणी दिलं." लेकीने नाक पुसलं. "त्या बाई वाईट नाहीत हो. पण आईचं कपाट, आईच्या कुंड्या... कुणीतरी येऊन सगळं हलवणार, असं वाटत होतं. आणि मग आज बाबांना स्ट्रेचरवर बघितलं. तेव्हा मनात म्हटलं, सगळं घर हलव, देवा, पण हा माणूस राहू दे."

"ट्यूबना तुम्ही हात लावलात?"

"मी? मी बाहेरच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. आम्ही दोघी आतच होतो. तिथे तर फक्त बाबा होते."

डॉक्टरबाई उठून बाहेरच्या खोलीत गेल्या. खिडकीशी टेबल होतं, त्याच्या दोन बाजूंना खुर्च्या. खोलीतल्या सगळ्या गोष्टींवर काही ना काही अंथरलेलं होतं. रेडिओवर रुमाल, तिपाईवर भरतकाम. टेबल तेवढं उघडं.

"यावर काही नसतं?"

"असतं की. पांढरा टेबलक्लॉथ आहे. तो..." लेकीने बाल्कनीकडे बोट केलं. "बाबांनी धुतला सकाळी. मलाही नवल वाटलं. या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. म्हणाले, लग्नघर आहे, जरा स्वच्छता नको?"

टेबलक्लॉथ दोरीवर वाळत होता. डॉक्टरबाईंनी त्याचं एक टोक धरून उन्हाकडे केलं. मधोमध तळहाताएवढा एक फिकट तपकिरी डाग होता. गरम पाण्याने घासला की रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. ज्याने घासला त्याला ते ठाऊक नव्हतं.

"ही जागा कुठे येते? टेबलाच्या कोणत्या बाजूला?"

"तिथे... तिथे ती मुलगी ट्यूब ठेवत होती." लेकीचा आवाज बारीक झाला. "म्हणजे बाबांनी? पण का? त्यांना तर हे लग्न हवंय! स्वतःच्याच लग्नात कोण असा खोडा घालेल?"

"तेच कळत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. बधिरपणा उतरत चालला होता आणि शब्द आता स्वच्छ येत होते. "आग विझवणारा माणूस स्वतःच्या घराला काडी लावणार नाही. चला हॉस्पिटलात. मला एका नर्सला एकच प्रश्न विचारायचाय."

५

नर्स औषधांच्या खोलीत होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बंबकाका इथे कोसळले असं त्यांची लेक म्हणते, ते नेमके कधी? तुम्ही त्यांना काही वाईट सांगितलंत का?"

"छे हो! मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. चांगले गप्पा मारत होते, जेवायला काय मिळेल विचारत होते. मी ट्रेवरचं कापड काढलं, सिरिंज हातात घेतली, आणि गेले की आडवे! एक बरं झालं, बेशुद्ध होते तोवर रक्त काढून झालं. अजिबात हलले नाहीत."

डॉक्टरबाई इतक्या जोरात हसल्या की काढलेल्या दाढेच्या जागी कळ आली.

वॉर्डात काका उशीला टेकून बसले होते. शेजारी शिवणबाई. निरोप आला तशा दुकानातून उठून आलेल्या, ब्लाउजला टाचण्या तशाच टोचलेल्या, गळ्यात मापाची फीत. व्यवस्थापकही आले होते, माफी मागायला आणि त्या पोरीला कामावरून काढतो असं सांगायला. त्यांच्यामागे मुंगी. लेक पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"कोण ते कळलं का?" व्यवस्थापकांनी घाईने विचारलं.

"कळलं. ऐका." डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं. "मी आधी शोधत होते की हे लग्न कुणाला मोडायचं होतं. तिथेच माझी वाट चुकली. वाईट हेतूने ओतणाऱ्याला रक्त सांडायची गरज नाही, आणि आपल्याकडे तर रक्त कमी भरलं. म्हणजे आधी अपघात झाला. पिवळी ट्यूब कलंडली, टेबलक्लॉथवर सांडली, तळाशी थोडंसं उरलं. मग कुणीतरी जांभळीतलं घालून ती बरी दिसेल इतपत भरली."

"पण अपघात झाला तर सांगायचं ना!" व्यवस्थापक म्हणाले.

"हाच खरा प्रश्न. सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"काय होणार? मी परत घेतलं असतं," मुंगी म्हणाली. "मिनिटाचं काम."

"बरोबर. तुझ्या हातून सांडलं असतं तर तू तेच केलं असतंस. वादळाच्या हातून सांडलं असतं तर पेटीत डाग असता. लेक तर खोलीतच नव्हती. मग असा कोण, की ज्याला परत रक्त देणं हीच सगळ्यात मोठी आपत्ती वाटली? तीही इतकी की त्याने स्वतः टेबलक्लॉथ धुतला, ओल्या हाताने दार उघडलं, आणि दुपारी सिरिंज नुसती बघून..."

सगळ्यांच्या माना एकाच वेळी पलंगाकडे वळल्या.

बंबकाकांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती.

"काका," डॉक्टरबाई मायेने म्हणाल्या, "सुईची भीती कधीपासून?"

काकांनी चादर आणखी वर, नाकापर्यंत ओढली. मग व्यवस्थापकांकडे बघून त्यांनी विचारलं, "या पोरीला तुम्ही काढणार होता? माझ्यापायी?"

"हो... म्हणजे, तसा विचार होता."

काकांनी चादर बाजूला केली आणि ते ताठ बसले. बंबावर उभे राहायचे तसे.

"मग ऐका. लहानपणापासून. आग बघितली की माझे पाय पुढे जातात, सुई बघितली की गुडघे मागे जातात. दलात भरती झालो तेव्हा इंजेक्शनच्या रांगेतून पळून झाडावर बसलो होतो. सकाळी या पोरीने टोचलं, ते डोळे मिटून, दातओठ खाऊन निभावलं. ती आत गेली. म्हटलं, झालं, सुटलो! उठताना गुडघे लटपटले, हात टेबलावर आपटला आणि ती पिवळी आडवी. टोपण निघालं, सगळं कापडावर. आता ही परत टोचणार! माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी जांभळी होती. म्हटलं, रक्त ते रक्त. माझंच इकडचं, माझंच तिकडचं. थोडं ओतलं, टोपणं लावली, दोन्ही ट्यूब पेटीत बंद केल्या, कापड पाण्यात टाकलं, हात धुतले. त्यात असलं काही औषध असतं हे मला काय ठाऊक?"

"पण नंतर का नाही सांगितलंत, बाबा? इथे आणल्यावर तरी?" लेकीने विचारलं.

"अगं, तेव्हा मला वाटलं मी खरंच मरतोय! रिपोर्ट चुकला असेल आणि तो मी चुकवला असेल, हे डोक्यातच आलं नाही." त्यांनी मुंगीपुढे हात जोडले. "पोरी, माझं चुकलं. तुझ्यावर बालंट आलं आणि मी इथे उशीला टेकून पेज पीत बसलो होतो."

"काका, हात नका जोडू," मुंगी म्हणाली. "चूक माझीही आहे. मी ट्यूब सोडून आत जायला नको होतं."

"ते खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यापुढे कुणी कितीही रडत बोलावलं, तरी आधी पेटी बंद. आणि तुम्ही," त्या व्यवस्थापकांकडे वळल्या, "एका आकड्याला घाबरण्याआधी त्याच्या खालचा आकडा बघा. आणि माणसाला काढण्याआधी त्या माणसाला विचारा."

व्यवस्थापकांनी मुंगीला काहीतरी पुटपुटत सांगितलं. त्यात 'माफ कर' स्पष्ट ऐकू आलं, म्हणून डॉक्टरबाईंनी बाकीचं विचारलं नाही.

आता राहिल्या होत्या शिवणबाई. काकांनी चोरून त्यांच्याकडे बघितलं. ब्लाउजवरच्या ओळीने टोचलेल्या टाचण्या वॉर्डच्या दिव्यात चमकत होत्या.

"म्हणजे," शिवणबाई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही माझ्या दुकानात येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचात, ते कॅलेंडर बघायला नव्हे?"

"नव्हे."

"आणि शर्टाचं माप घेताना घामाघूम व्हायचात. मला वाटायचं, मी जवळ आले म्हणून."

"ते... थोडं तेही होतं."

शिवणबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, आता रडतात. पण त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले आणि हसू पदरातून बाहेर फुटलं. "सुईला भिणारा माणूस शिंपिणीशी लग्न करायला निघालाय!" त्या कशाबशा म्हणाल्या. "अहो, मग मला मागणी घालायचं धाडस झालं कसं?"

"त्यासाठीच तर दोन वर्षं लागली," काका म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी कार्यालयात चांगलीच गर्दी झाली. दलातले जुने सहकारी आले होते. मुंगी आली होती, वादळ आला होता आणि त्याच्या येण्याने साहेबांच्या टेबलावरचे अर्ज उडाले होते. डॉक्टरबाईंचा गाल अर्ध्यावर उतरला होता.

साक्षीदार म्हणून सही करायला लेक पुढे आली. पेन हातात घेऊन ती थांबली. काकांचा जीव टांगणीला लागला.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "काल तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायला लागलं. माझं मात्र झाकूनच राहिलं. मी हे लग्न पुढे ढकलायला बघत होते. त्या मुलीला आत मीच बोलावलं होतं, त्यासाठीच."

"मला माहीत आहे," काका म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. स्वयंपाकघराची भिंत केवढीशी आहे, बाळ. मी बाहेर बसून ऐकत होतो. त्यानेच तर उठताना तोल जास्त गेला."

लेकीने डोळे मिटले, उघडले आणि सही केली. इतकी ठसठशीत केली की कागद फाटायचाच बाकी राहिला.

पायऱ्या उतरताना ती शिवणबाईंच्या बरोबरीने चालू लागली. "एक विचारू? तुम्हाला हाक काय मारू? आई म्हणायला मला जमणार नाही."

"नकोच म्हणूस. ती जागा तिची आहे," शिवणबाई म्हणाल्या. "कुंड्यांना पाणी मी घालीन, हलवणार एकही नाही. आणि हाकेची कसली घाई? एखाद्या दिवशी तोंडातून जे निघेल ते ठेवू."

"काकू? मावशी?"

"बघू गं. अंगावर चढवून बघितल्याशिवाय कळत नाही."

बोलत बोलत शिवणबाई फाटकाबाहेर पडल्या. पलीकडे काका टॅक्सी थांबवून दोन्ही हात हलवत होते. त्यांच्याकडे बघत बाईंनी तसंच रस्त्यात पाऊल टाकलं, आणि उजव्या बाजूने एक ट्रक भरधाव आला.

"अगं ए, बघ ना जरा!" लेक ओरडली आणि त्यांचा दंड धरून तिने त्यांना मागे खेचलं.

ट्रक धूळ उडवत निघून गेला. दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या. लेकीच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

शिवणबाईंनी श्वास घेतला, विस्कटलेला पदर सारखा केला.

"हेच ठेवू," त्या म्हणाल्या. "छान बसतंय."